कोरड्या घशाचा हिवाळा

आदिलाबादला थंडी येते ती कापसाच्या गाड्यांबरोबर. मार्केटच्या रस्त्याला ट्रॅक्टर, टेम्पो, एखाददुसरी बैलगाडी अशी रांग लागते. ताडपत्र्या दवाने जड झालेल्या असतात, आणि रात्र गाडीखाली काढलेली माणसं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून हात शेकत बसलेली असतात. मी आता इथेच, मी शिकवते त्या शाळेत चालत जाता येईल अशा ठिकाणी खोली घेऊन राहते. सकाळी खिडकी उघडली की पऱ्हाट्यांचा तो धूर आत येतो. कडवट आणि वर थोडा गोडसर. या वर्षी तो दिवाळी सरता सरताच आला. इतरांना त्या वासाने हुरडा आठवत असेल, शेकोटी आठवत असेल. माझा घसा कोरडा पडतो.

कॉलेजची तीन वर्षं मी बसने ये-जा केली. आमचं गाव बोथच्या रस्त्यापासून आत आहे. शेतांच्या कडेकडेने चालत फाट्यावर यायचं आणि बोथहून निघालेली आदिलाबादची पहिली बस धरायची. ती चुकली की पुढची बस पहिले दोन तास बुडवूनच कॉलेजला पोचवायची. हिवाळ्यात घरून निघताना अंधारच असायचा. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचायची राहिलेली बोंडं अंधारातही पांढरी दिसणारी, आणि पायाला ओलं गवत. फाट्यावर धुई इतकी की समोरच्या चिंचेचं खोडसुद्धा जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. आधी बसचा आवाज यायचा, मग धुईत दोन पिवळे डाग दिसायचे. ते डाग दिसेपर्यंत कोणी बोलत नसे. स्कार्फमधून नुसते डोळे बाहेर, आणि हात काखेत.

तेलंगणात बायकांना बस फुकट झाली तेव्हा फाट्यावरच्या मुली वाढल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यानंतर बसला शिव्या देणारे गावात पुष्कळ भेटले. ती बस फुकट नसती तर रेणुका कॉलेजला आलीच नसती. तिच्या वडिलांनी तिला बारावीनंतर घरी बसवायचं पक्कं केलं होतं. बस फुकट झाली आणि त्यांच्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नाही.

रेणुका आमच्या मागच्या गल्लीतली. नारायणकाकांची मोठी मुलगी. काकांचा भाजीचा मळा होता, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बोथच्या बाजारात काकू दुकान मांडायच्या. रेणुका अंगाने काडीसारखी, डोळ्यांचा पांढरा भाग कायम जरा पिवळसर, आणि जीभ मात्र अशी की बसमधल्या दांडग्या बायकाही तिच्या वाटेला जात नसत. कंडक्टर गर्दीत 'मुंदुकु जरगंडी' म्हणत पुढे सरकायला सांगायचा, तर ही मागून अगदी त्याच्याच आवाजात म्हणायची, "जरगंडी, जरगंडी, ड्रायव्हरच्या मांडीवर जागा हाये." मराठी बायका हसायच्या. तेलुगू बायकांना कोणीतरी समजावून सांगायचं, मग त्या हसायच्या. कंडक्टर शेवटी हसायचा.

बसायला जागा क्वचित मिळे. इच्चोड्याला आणखी माणसं चढायची, गुडीहत्नूरला तर दारातून आत येणंच कठीण व्हायचं. आम्ही उभ्यानेच अभ्यास करायला शिकलो. सीटच्या दांडीला पाठ टेकवायची, दोन पाय फाकवून रोवायचे आणि मोबाईलवर काढलेले नोट्सचे फोटो बोटाने सरकवत वाचायचे. कॉलेजात शिकवणं तेलुगूत, पुस्तकं इंग्रजीत, आणि आमची शाळा मराठी. त्यामुळे बसमध्ये एक आमचा वेगळाच वर्ग चालायचा. रेणुका तेलुगूतलं ऐकलेलं मराठीत सांगायची, मी ते इंग्रजीत लिहायला बघायची, आणि शेजारी उभी असलेली एखादी म्हातारी विचारायची, "काय वं पोरीहो, मंत्र म्हनून राह्यल्या का?"

रेणुकाला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं. काऊन, असं मी एकदा विचारलं.

"लहानपनापासून सारे माहंच रक्त काढून राह्यले," ती म्हणाली. "आता मी दुसऱ्यायचं काढतो."

हे ती गमतीने म्हणाली. मला तेव्हा त्यामागचं काही माहीत नव्हतं.

बसने जाणाऱ्या मुलींचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, मोठ्या मुली धाकट्यांना सांगायच्या. आम्हाला तो संगीताताईने सांगितला. ती शेवटच्या वर्षाला होती आणि फाट्यावर सगळ्यांच्या पुढे उभी असायची.

"सकाळी पानी पेवाचं नाही," ती म्हणाली. "घसा ओला होईल इतके दोन घोट. मंग संध्याकाळी घरी येऊनच पेजा."

"अन् तहान लागली तं?" मी म्हटलं.

"तहान मरते. थोडे दिवस जाऊ दे."

तहान खरंच मरते. आधी डोकं दुखतं, जीभ टाळूला चिकटते, मग शरीराला कळून चुकतं की मागून काही मिळणार नाही, आणि ते मागणं सोडून देतं. वाटेत कुठे जायची सोय नव्हती. कॉलेजात मुलींसाठी दोन दारं होती, त्यातल्या एकाला कडी नव्हती आणि दुसऱ्याच्या आत पाणी नव्हतं. परतीच्या बसची वाट बघण्यात संध्याकाळ व्हायची. घरी पोचल्यावर लघवीला आग व्हायची, त्याला आम्ही 'बसचा ताप' म्हणायचो. 'काल मले बसचा ताप आलता,' असं एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. तो त्रास कोणाच्या आईला माहीत नव्हता असं नाही. पण रानात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायांना त्यात नवल ते काय वाटणार.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, कॉलेजच्या ओट्यावर डबा खाताना, रेणुकाने मला सांगितलं. तिची भाकरी हातातच होती आणि ती दुसऱ्या हाताने गुडघा चोळत होती.

"मले सिकल हाये," ती म्हणाली.

मला शब्द माहीत होता. आमच्याकडे तो सगळ्यांनाच माहीत असतो. कुणाच्या तरी घरी एखादं मूल सारखं पिवळं पडतं, हाडं दुखतात म्हणून रात्ररात्र रडतं, आणि मोठी माणसं हळू आवाजात म्हणतात, रक्तातच हाये. रक्ताच्या पेशी वाकड्या होतात, विळ्यासारख्या, आणि बारीक नसांमध्ये अडकतात, हे आम्ही त्याच वर्षी वर्गात शिकलो होतो. फळ्यावर चित्र काढलं होतं. रेणुकाने ते माझ्याशेजारी बसून वहीत उतरवलं होतं आणि चकार शब्द काढला नव्हता.

"डॉक्टर काय म्हनते?"

"भरपूर पानी पे म्हनते. थंडीत फिरू नको म्हनते. दगदग करू नको म्हनते." मग ती हसली. "म्हंजे कॉलेजले जाऊ नको, इतकंच सरळ नाही म्हनत."

"मंग तू तरी पानी पेत जा."

"अन् जाऊ कुठी, वैशे?"

 याचं उत्तर आजही शोधते तेव्हा ते मला मुलींकडे सापडत नाही, घरच्यांकडे नाही, ड्रायव्हर-कंडक्टरकडे तर नाहीच. एका कडीची आणि एका नळाची ती गोष्ट होती. इतक्या लहान गोष्टीसाठी कोणाचं आयुष्य अडेल, असं त्या वयात वाटत नाही.

त्या जानेवारीत थंडी अशी पडली की सकाळी गोठ्यातल्या बादलीत हात घालवत नसे. परीक्षा त्याच दिवसांत. रसायनशास्त्राच्या पेपरच्या दिवशी बस उशिरा आली आणि आली ती गच्च भरून. आम्हाला दारातच जागा मिळाली. दार माणसांमुळे लागत नव्हतं आणि हायवेवरचा वारा सरळ अंगावर येत होता. रेणुकाने दोन स्वेटर घातले होते, वरून काकांची शाल. इच्चोड्याच्या पुढे तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं तोल गेला. पण पकड सैल होईना. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ राखेसारखे झाले होते.

"दुखून राह्यलं?"

तिने मान हलवली. कमरेवर हात ठेवला, मग मांडीवर.

वांग्याची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने न सांगता जागा दिली आणि टोपली डोक्यावर धरून उभी राहिली. बस पुढे कापसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ट्रॅक्टरवाल्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांनाही भावाची घाई होती. उडालेला कापूस खिडकीतून आत येत होता. रेणुका डोळे मिटून बसली होती आणि तिच्या शालीवर तो बसत होता.

"दवाखान्यात जाऊ सरळ," मी म्हटलं.

"पेपर होऊ दे."

"रेनू."

"या पेपरचा मी अभ्यास केला, वैशे. पेपर होऊ दे."

ती चालत परीक्षेच्या खोलीपर्यंत गेली. माझी खोली वरच्या मजल्यावर होती. मी पेपर लिहून खाली आले तेव्हा जिन्यात शिपाई भेटला. तुझ्या गावची मुलगी का, असं त्याने हिंदीत विचारलं, आणि तिला रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेल्याचं सांगितलं. ती अर्ध्या पेपरापर्यंत लिहीत होती, मग बाकावर डोकं ठेवलं, आणि मॅडमने हाक मारली तर उठलीच नाही. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. दोन्ही हातांना सुया, वर सलाइनच्या बाटल्या. मला बघून तिने बाटलीकडे नजर वळवली.

"पाह्य," ती म्हणाली, "वर्षाचं पानी एकदमच पाजून राह्यले."

दुपारी काका-काकू आले. काकू बाजारातून तशाच उठून आल्या होत्या, पदराला मातीचे डाग. डॉक्टर तरुण होता, तेलुगू बोलणारा, घाईत पण चांगला. त्याने काकूंना समजावून सांगायला सुरुवात केली आणि काकू त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काका भाजीच्या भावापुरती तेलुगू जाणत, हे त्यांना उमगेना. मग रेणुकाच मराठीत सांगायला लागली. पडल्या पडल्या, एकेक वाक्य, मध्ये दुखलं की थांबून. आपल्याच आजाराचं भाषांतर ती आपल्याच आईला करून देत होती.

मला तेलुगू येत होती. डॉक्टर म्हणाला, खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही असं वाटतंय, फोटो काढावा लागेल, हे हाड हळूहळू वाळत जाऊ शकतं.

"काय म्हनते?" काकूंनी विचारलं.

"आराम कर म्हनते," रेणुका म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने अगदी थोडी मान हलवली, काही बोलू नको म्हणून. डॉक्टरला मराठी येत नव्हती, तो समाधानाने पुढच्या खाटेकडे गेला.

ती परत आली. हे कोणाला खरं वाटत नाही, पण ती परत फाट्यावर आली. गोळ्या घेत, डाव्या पायाने थोडं लंगडत, पूर्वीसारखीच स्कार्फ बांधून. उरलेली थंडी तिने तशीच काढली. चालताना ती मला शेताच्या बाजूने चालू द्यायची आणि स्वतः रस्त्याच्या सपाट बाजूने. मी विचारलं की म्हणायची, "कमी हाये आता." दुखणं सांगायची तिची एक रीत होती, नेहमी कालचं सांगायची. काल लई होतं, आज कमी हाये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या बसची पहिली पायरी उंच आहे. धडधाकट माणूस दांडा धरून एका झटक्यात चढतो आणि ती उंच आहे हे त्याला कधी कळतही नाही. म्हाताऱ्या बायका आधी टोपली वर ठेवतात, मग हातांनी स्वतःला ओढून घेतात. रेणुका आता म्हाताऱ्यांसारखी चढायला लागली. मग मी मागून आधार द्यायला लागले. मग मी आधार देतेय हे लोकांच्या लक्षात यायला लागलं.

होळी जवळ आली होती. धुई संपली होती, सकाळी स्वच्छ दिसायचं, पळस फुलला होता. शेतं रिकामी, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. बस आली, थांबली. त्या दिवशी गर्दीही फार नव्हती. रेणुकाने दांडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि सगळा भार डाव्यावर आला. ती तशीच थांबली. मी मागून हात लावला. तिने पाय उचलून परत खाली, जमिनीवर ठेवला.

"चढ न वं," आतून कोणीतरी म्हणालं.

तिने पुन्हा पाय वर ठेवला. पुन्हा खाली घेतला. दांडा सोडला आणि बाजूला झाली.

"तू जाय," ती मला म्हणाली.

"मी थांबतो."

"तू काऊन थांबतं? जाय. तास बुडते."

मी चढले. मागच्या खिडकीतून बघितलं तर ती चिंचेखाली दगडावर बसली होती आणि स्कार्फ सोडून घडी करत होती. घराकडे निघायची घाई नसल्यासारखी, अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

पुढचं सगळं लवकर झालं किंवा मला तसं वाटतं, कारण ते मी बसमधून ऐकलं. काका तिला नागपूरला घेऊन गेले. तिथला डॉक्टर मराठी बोलणारा निघाला, आणि जे रेणुकाने दाबून ठेवलं होतं ते त्याने सरळ काका-काकूंना सांगितलं. खुब्याचा गोळा झिजला होता. ऑपरेशन असतं, पण या रक्ताला ते झेपेल याची खात्री द्यायला तो तयार नव्हता, आणि इतक्या लहान वयात नकोच म्हणाला. थांबा, सांभाळा. काकू मला पारावर भेटल्या तेव्हा एकच म्हणाल्या, "तिनं आमाले सांगतलंच नाही माय. सांगतलं असतं तं पाठवलंच नसतं." मला वाटलं, काकू, म्हणूनच नाही सांगितलं. 

मी शेवटचं वर्ष एकटीने केलं. फाट्यावर उभं राहायला दुसऱ्या मुली होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या. माझी पदवी झाली, बीएड झालं, शाळेत नोकरी लागली. कॉलेजात आता मुलींसाठी नवीन बांधकाम झालं आहे, पाणी येतं म्हणतात. ऐकून बरं वाटायला हवं, आणि वाटतंही. पण त्या बातमीबरोबर कुठेतरी असा राग येतो की त्याचं काय करावं कळत नाही.

रेणुकाला धाकटी बहीण आहे, पूजा. तिचं रक्त तपासलं, स्वच्छ निघालं. हुशार आहे, बारावीला चांगले गुण मिळाले, आणि तिनेही कॉलेजचं नाव काढलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक पोरगी त्या बसनं खाल्ली. दुसरी नाही देत."  पूजाने दोन दिवस जेवण सोडलं, मग जेवली. मी काकांना समजवायला गेले होते. त्यांनी मला चहा पाजला, माझ्या नोकरीची चौकशी केली आणि मी मूळ मुद्द्यावर येताच उठून मळ्यात गेले.

मागच्या रविवारी मी गावी होते. रेणुका अंगणात उन्हात बसली होती, पुढ्यात मेथीचा ढीग, जुड्या बांधत. कोवळं ऊन होतं, भिंतीलगत, वारा लागत नाही अशा ठिकाणी तिची खाट टाकली होती. काका-काकू मळ्यात. आत पूजाची भांड्यांची आदळआपट चालली होती. रेणुकाने मला बसबद्दल विचारलं, कोण कंडक्टर आहे, इच्चोड्याला अजून तशीच गर्दी होते का. मी सांगत होते आणि ती जुड्या बांधत होती. मग मी पूजाचं विचारलं. तू बोललीस का काकांशी, असं.

तिचे हात थांबले. तिने आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बाबा नाही म्हनले न तिले, तवा मले आतून बरं वाटलं."

मी ढिगातली मेथीची एक काडी उचलली.

"सख्खी बहीन हाये माही. रोज माही वेनी घालते, मले न्हाऊ घालते. अन् ते कॉलेजले नाही जाऊन राह्यली याचं मले बरं वाटलं. रातभर तेच डोक्यात. आपन असे कवा झालो, वैशे?"

मला तिचा हात धरावासा वाटला, पण तिच्या हातात मेथी होती, आणि रेणुकाला हात धरलेला आवडत नाही. मी म्हटलं, "तू बोलली तं काका ऐकतील."

"ऐकतील," ती म्हणाली. "अन् मंग दिवसभर मले उठवन कोन?"

ते तिने तक्रारीसारखं म्हटलं नाही. काकांनी बसचं नाव पुढे केलं होतं. खरी गोष्ट ही होती, आणि घरात ती सगळ्यांना माहीत होती, पूजालासुद्धा.

ऊन सरकत खाटेच्या पायथ्याशी गेलं होतं. रेणुकाने आत हाक मारली. पूजा हात पुसत आली, माझ्याकडे बघून हसली, खाटेपाशी वाकली. तिने बहिणीच्या दोन्ही काखांत हात घातले. रेणुकाने तिच्या मानेभोवती हात टाकले आणि डोळे मिटले.

"हळू वं," रेणुका म्हणाली.

"हळूच उठवून राह्यलो न," पूजा म्हणाली, आणि तिला उभं केलं.